नाव नको होतं, असं कोण म्हणालं?

मायकेलअँजेलोने आपल्या मूर्तीवर सही कोरली. आपल्या शिल्पकाराने औंढा नागनाथासारखं देऊळ उभं केलं, पण कोपऱ्यातसुद्धा नाव टाकलं नाही. तिकडे अहंकार, इकडे समर्पण. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. व्याख्यानमालांत, वारसा-सहलींत, महाशिवरात्रीच्या आठवड्यात मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ते हटकून येतं आणि हटकून टाळ्या घेऊन जातं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण वाक्य दोन्हीकडून खोटं आहे. युरोपबद्दल खोटं आहे आणि आपल्याबद्दल त्याहून जास्त. त्यातली मेख अशी, की ज्याचं कौतुक केल्याचा आव ते आणतं, त्याच माणसाला पुन्हा एकदा देवळाबाहेर उभं करतं.

आधी त्या सहीचं पाहू. रोममधल्या सेंट पीटरच्या चर्चमध्ये मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेल्या मेरीची संगमरवरी मूर्ती आहे, 'पिएता'. तिचा करार २७ ऑगस्ट १४९८ चा. एका फ्रेंच कार्डिनलने ती स्वतःच्या थडग्यासाठी सांगितली होती, किंमत ठरली ४५० डुकाट, आणि रोममध्ये आज नाही इतकं सुंदर काम हा तरुण करून देईल, अशी हमी एका सावकाराने घेतली होती. म्हणजे तेवीस वर्षांच्या कारागिराला जामीन लागला होता. मूर्ती बसवल्यावर काय झालं, ते त्याचा चरित्रकार वाझारी सांगतो. लोंबार्डीहून आलेली माणसं मूर्तीसमोर उभी राहून वाखाणणी करत होती. कोणी घडवली असं एकाने विचारलं, तर दुसरा म्हणाला, आमच्या मिलानच्या गोब्बोने. मायकेलअँजेलो तिथेच उभा होता. रात्री तो दिवा आणि छिन्न्या घेऊन आत शिरला आणि मेरीच्या छातीवरून जाणाऱ्या पट्ट्यावर त्याने आपलं नाव कोरलं. वाझारी गोष्टी रंगवून सांगणारा माणूस, तेव्हा यात मीठमसाला किती हे ज्याचं त्याने ठरवावं. सही मात्र पट्ट्यावर आहे, आणि त्यानंतर त्याने एकाही शिल्पावर सही केली नाही, हेही खरं. नाव मिरवायची हौस असती तर 'डेव्हिड'च्या चौथऱ्यावर जागा कमी नव्हती. ती एकुलती एक सही केली, कारण काम त्याचं आणि नाव दुसऱ्याचं घेतलं जात होतं.

हीच गोष्ट आता औंढ्याला लावून पाहा. नागनाथाचं मूळ देऊळ कोणी बांधलं असं गावात विचारलं तर पहिलं उत्तर येतं, पांडवांनी, धर्मराजाने. थोडं शिकलेला माणूस सांगतो, हेमाडपंताने. वरच्या भागाची दुरुस्ती पुढे पेशवेकाळात झाली, तिचं श्रेय अहिल्याबाई होळकरांना जातं. कोणी फार मागे गेलं तर विश्वकर्म्यापर्यंत पोचतं. म्हणजे देवळाला नाव नाही असं मुळीच नाही. नावं भरपूर आहेत. महाभारतातलं आहे, देवगिरीच्या दरबारातलं आहे, इंदूरच्या गादीवरचं आहे. नाही फक्त टाकी धरणाऱ्याचं. याला नावाचा त्याग म्हणायचं असेल तर म्हणा, पण तो त्यागणाऱ्याला विचारून झालेला दिसत नाही.

हेमाडपंताचा मामला तर मुळातूनच तपासण्यासारखा आहे. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, महादेव यादव आणि त्यानंतर रामचंद्रदेव यादव यांच्या दरबारातला मंत्री, म्हणजे इसवी सन १२६० नंतरचा माणूस. अंबरनाथचं देऊळ, ज्याला सर्रास हेमाडपंती म्हटलं जातं, त्यातला शिलालेख शके ९८२ चा, इसवी सन १०६० चा आहे आणि तो शिलाहारांचा आहे. हेमाद्रीच्या आधी दोनशे वर्षं आणि त्याच्या धन्याच्या नव्हे, दुसऱ्याच घराण्याच्या राज्यात! गो. बं. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातल्या देवळांच्या अभ्यासात हयात घातली, तरी शाळेच्या सहलीला माहिती देणारे गुरुजी अजून 'चुना न वापरता बांधण्याची पद्धत हेमाडपंताने शोधली' असंच सांगतात. हेमाद्रीचा मोठा ग्रंथ 'चतुर्वर्गचिंतामणी'. त्यात व्रतं आहेत, दानं आहेत, कोणत्या व्रताला देवतेचं रूप कसं असावं याचीही वर्णनं आहेत. दहा माणसांना न हलणारी तुळई खांबाच्या माथ्यावर कशी चढवावी, हे त्यात नाही. असायचं कारणही नाही. तो विद्वान होता, पाथरवट नव्हता.

आणि त्याचं दरबारातलं पद कोणतं? श्रीकरणाधिप. राज्याच्या लेखनकामाचा, दप्तराचा प्रमुख. कोणाला काय दिलं, कोणाकडून काय आलं याच्या नोंदी ज्याच्या हाताखाली होत होत्या, तोच माणूस आज देवळांचा कर्ता म्हणून ओळखला जातो. आणि ज्यांनी देवळं बांधली त्यांच्या मजुरीची एक ओळ त्या दप्तरातून आपल्यापर्यंत आलेली नाही. अनामतेचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांनी या एका गोष्टीशी जरा थांबावं. त्या काळाला नावं नोंदवायचं वावडं नव्हतं. पंढरपूरचा चौऱ्याऐंशीचा शिलालेख पाहा, शके ११९५ ते ११९९ मधला, म्हणजे १२७३ ते १२७७. विठ्ठलाच्या देवळाला कोणी किती दिलं याची ती यादी आहे. माणूस, त्याचं दान. त्यात राजाचं नाव आहे, खुद्द हेमाद्रीचं आहे, साध्या दात्यांचीही आहेत. भक्तीच्या त्या सर्वांत मोठ्या स्थळी, अगदी त्याच दशकात, नाव दगडात कोरून घेणं कोणाला अहंकार वाटलं नाही. दाम देणाऱ्याचं नाव चालतं, घाम देणाऱ्याचं आलं की तेवढं अध्यात्म आड येतं, हा कुठला न्याय?

यावर उत्तर येतं, की आपल्या परंपरेत शिल्पकाराने नाव घालायचंच नसतं. कोणत्या परंपरेत? कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत, मराठवाड्यातच. तिथे डोक्यावर वाडगं घेतलेला एक बुटका, हसरा यक्ष सापडला; आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरलंय, की हे काम कान्हदास सोनाराने केलं. इसवी सनाच्या आधीचा माणूस आहे हा! सोन्यातला हात त्याने दगडात चालवला आणि यक्षाच्या हातावरच आपली सही ठेवली. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात असंच आहे: कान्हाचा शिष्य बालक याने केलं. गुरूचं नाव आधी, मग आपलं. यातला नम्रपणा कुणाला दिसत नसेल तर मी काही करू शकत नाही. पुढे बदामीच्या चालुक्यांचं राज्य या मुलखावरही होतं. त्यांच्या पट्टदकलच्या विरूपाक्ष देवळात इसवी सन ७४० च्या सुमाराचा लेख गुंड नावाच्या स्थपतीचा गौरव करतो, राजाने त्याला दिलेल्या पदव्या सांगतो. तंजावरच्या बृहदीश्वराच्या लेखात मुख्य स्थपतीचं नाव आहे.

आणि होयसळ? ते तर देवगिरीच्या यादवांचे शेजारी आणि पिढीजात वैरी. त्यांच्या बेलूरच्या देवळाचं काम १११७ मध्ये सुरू झालं. तिथे मूर्तींच्या पायाशी सह्या आहेत. बळ्ळिगावीचा दासोज आहे, त्याचा मुलगा चावण आहे. नुसती नावं घालून ते थांबले नाहीत; प्रतिस्पर्धी शिल्पकारांची खोड मोडणारा, अशा अर्थाची बिरुदंही त्यांनी मागे लावली. मल्लितम्मा नावाचा शिल्पी तर नुग्गेहळ्ळी, सोमनाथपूर असा देवळादेवळांतून सही ठेवत गेलेला दिसतो. याच माणसांनी केशव घडवला, वेणुगोपाल घडवला. त्यांच्या भक्तीत खोट होती असं म्हणायची कोणाची छाती आहे?

तेव्हा परंपरा एक नव्हती. कुठे नावं राहिली, कुठे गेली. जिथे गेली तिथे का गेली, हा इतिहासाचा प्रश्न आहे. आश्रय देणारे कोण होते, कोरणाऱ्याला अक्षर येत होतं की नाही, गावात त्याची जागा कुठे होती, देवळाचा वरचा भाग पडून पुन्हा विटा-चुन्यात बांधला गेला तेव्हा काय काय नाहीसं झालं, असे ते प्रश्न आहेत. 'त्यांना नावाची हाव नव्हती' या एका वाक्याने हे सगळे प्रश्न विचारण्याआधीच मिटतात. म्हणून ते वाक्य एवढं लोकप्रिय आहे.

आता भक्तीचा मुद्दा. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो औंढ्यात, हिंगोली जिल्ह्यात, मांडायला फारच अवघड आहे. नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा ज्या नर्सीला मानते ते कयाधूच्या काठी, हिंगोली तालुक्यात. विसोबा खेचरांनी त्यांना गुरूपदेश केला तो औंढ्यात, अशी श्रद्धा आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, ही कथा तर इथल्या पोराटोरांना पाठ. नामदेव शिंपी होते, म्हणजे कारागीर. आणि त्यांच्या अभंगाच्या शेवटी काय असतं? त्यांचं नाव. एका अभंगात नव्हे, अभंगामागून अभंगात. तेर गावचा गोरा कुंभार, अरणचा सावता माळी, नरहरी सोनार, गंगाखेडची जनाबाई, मंगळवेढ्याचा चोखामेळा, कोणाचंही काढा. शेवटच्या चरणात नाव हजर. मडकी घडवणारा, मळा शिंपणारा, दागिने करणारा, दळण दळणारी, गावकुसाबाहेर ठेवलेला, अशी ही माणसं. ज्यांचं नाव गावच्या कुठल्या कागदात यायचं नाही, त्यांनी ते देवापुढे म्हटल्या जाणाऱ्या शब्दांत गुंफलं आणि नामदेवांचं नाव तर पंजाबपर्यंत गेलं; गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, नावासकट. मी-पणा सोडा, असं दिवसरात्र सांगणाऱ्या या मंडळींना नाव लावणं म्हणजे मी-पणा वाटला नाही. मग त्याच शतकात, त्याच मुलखात, त्याच देवासमोर काम करणाऱ्या पाथरवटाला तो वाटला असेल, हे आपण कशावरून ठरवलं?

चोखोबांचा मृत्यू आठवा. परंपरा त्याचं साल १३३८ सांगते. मंगळवेढ्याच्या कुसाचं काम चाललं होतं, वेठीला धरलेल्या मजुरांत चोखोबा होते, भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या. यादवकाळाच्या आसपासचा, बांधकामावर राबलेला एक मजूर महाराष्ट्राला नावानिशी माहीत आहे. तो भिंतीमुळे माहीत नाही, अभंगांमुळे माहीत आहे. त्याच भिंतीखाली आणखी कोण कोण गेलं? इंग्लंडात कँटरबरीच्या चर्चचं काम चालू असताना ११७८ मध्ये सेन्स गावचा विल्यम हा मुख्य गवंडी परांचीवरून पडला. तिथल्या जर्वास नावाच्या भिक्षूने त्याचं नाव लिहिलं, किती उंचावरून पडला ते लिहिलं, सुमारे ५० फूट, आणि अंथरुणाला खिळून त्याने पुढचं काम कसं सांगितलं तेही लिहिलं. मठातला विरक्त माणूस हे लिहीत होता.

युरोपच्या मध्ययुगाचा उल्लेख आला आहे तर त्या अर्ध्या वाक्याचंही पाहून टाकू. 'तिकडे सगळे सह्या करतात' हे जितकं खोटं, तितकंच 'मध्ययुगात सगळे अनाम होते, पुनरुज्जीवनात अहंकार आला' हेही खोटं. मोदेना गावच्या चर्चवर १०९९ चा उल्लेख असलेला लेख विलिजेल्मो या शिल्पकाराची शिल्पकारांमध्ये थोर म्हणून स्तुती करतो. आणि पुनरुज्जीवनाच्या ऐन भरात फ्लॉरेन्सचा चित्रकार हा वैद्य आणि गंधी-पसाऱ्यांच्या श्रेणीत मोडत होता, दगड कोरणारा गवंडी-सुतारांच्या. १४८५ मध्ये गिरलांदायोने अनाथालयाच्या वेदीसाठी चित्र करायचा करार केला. निळा रंग औंसाला चार फ्लोरिन किमतीचा असला पाहिजे, ही अट त्यात आहे. हा तर आपल्याकडच्या सोनाराशी गिऱ्हाईक करतं तसला व्यवहार झाला. यात प्रतिभेची आरती कुठे आहे? चेन्नीनो चेन्नीनी १४०० च्या सुमाराला चित्रकलेवर पुस्तक लिहितो. त्यात रंग कसे घोटावेत, गिलावा ओला असताना किती भाग रंगवावा, कुंचल्याचे केस कसे बांधावेत आणि हे सगळं शिकायला बारा-तेरा वर्षं कशी जातात, ते आहे. हाताचं काम करणाऱ्याने हाताच्या कामाबद्दल लिहिलेलं पुस्तक. फ्लॉरेन्सचं वेगळेपण अहंकारात नाही. तिथे करार झाले, हिशेब झाले आणि ते कागद टिकले.

मग आपल्याकडे हे अनामतेचं कौतुक आलं कुठून? बऱ्याच अंशी कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांच्याकडून, आणि त्यांच्यावर अन्याय करून. कुमारस्वामींनी अनाम कारागिराचा गौरव केला, हे खरं. पण तो पूर्व विरुद्ध पश्चिम असा नव्हता. युरोपचं मध्ययुग आणि भारत यांना त्यांनी एका बाजूला ठेवलं होतं आणि आधुनिक कलाबाजाराला दुसऱ्या. शिवाय ते नुसतं तत्त्वज्ञान सांगत बसले नाहीत. १९०८ मध्ये त्यांनी सिंहली कलेवर जाडजूड ग्रंथ काढला, त्याआधी कँडीच्या कारागिरांत वावरून त्यांची हत्यारं, त्यांच्या पद्धती, त्यांचे रिवाज नोंदवले. आपल्या वक्त्यांनी त्यातलं तत्त्वज्ञान तेवढं उचललं आणि नोंदी तिथेच ठेवल्या. मोठा माणूस समोर असला की त्याचं सोपं तेवढं घ्यायचं, ही आपली जुनी खोड.

'बरं, समजा नाव कळलं, तरी काय फरक पडतो? देव तोच, देऊळ तेच.' हा शेवटचा आणि मला वाटतं सर्वांत प्रामाणिक आक्षेप. माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे.

नावाला बाजूला ठेवा. कारागीर ही माणसं होती, ती दमत होती, चुकत होती, एकमेकांकडून शिकत होती, एवढं जरी धरलं तरी देवळाकडे पाहायची नजर बदलते. औंढ्याचा खालचा भाग दख्खनच्या काळ्या दगडाचा, बेसाल्टचा. वरचा नंतरचा, चुन्याचा गिलावा केलेला. दोन काळांची सांधणी लांबूनही कळते. हा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा रस थिजून झालेला. कारारा गावचा संगमरवर चुनखडीपासून बनतो, पोलादी हत्याराला तो बराच मऊ लागतो. होयसळांचा दगड खाणीतून निघताना त्याहूनही मऊ, म्हणून बेलूरच्या मूर्तीच्या गळ्यातला हार सुटा लोंबतो आहे असं वाटतं. बेसाल्टमध्ये ते करायला जाल तर कड उडते. त्यात मध्येच पोकळ्या असतात, पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या गाठी असतात. अर्धी मूर्ती झाल्यावर नाकाजवळ अशी गाठ निघाली की संपलं. म्हणून आधी खाणीत दगड ओळखावा लागतो. मायकेलअँजेलो एका थडग्याचा दगड निवडायला १५०५ मध्ये आठ महिने काराराच्या डोंगरात राहिला, हे आपण कौतुकाने वाचतो. आपला दगड कोणी निवडला? ठोकून, आवाज ऐकून 'हा घ्या, तो नको' असं कोणी तरी सांगितल्याशिवाय एवढं काम उभं राहत नाही. तो या देवळातला पहिला कलावंत.

मग टाकी. काळ्या दगडावर ती सारखी बोथट होते. कोरणाऱ्यांच्या रांगेजवळ लोहाराचा भाता पेटलेला असणारच, टाक्यांना धार लावून पुन्हा पाणी द्यायला. पाणी जास्त झालं तर टोक तुटतं, कमी झालं तर वाकतं. औंढ्याची सुरसुंदरी जितकी शिल्पकाराची, तितकी त्या लोहाराचीही आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण येताजाता म्हणतो. म्हणीतसुद्धा मान दगडाचा आहे. घाव घालणाऱ्याचा, टाकी पाजवणाऱ्याचा नाही.

रचना घ्या. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायचा तर दोन्ही पृष्ठभाग असे घासून आणावे लागतात की भार सगळीकडे सारखा पडेल; एक कोपरा उंच राहिला तर वरचं वजन दगड फोडतं. खांबाची बैठक, मधला दांडा, माथा, त्यावरचे हस्त, मग तुळई, हे सगळे वेगवेगळे घडवून खाचेत कूस बसवून जोडायचे. छत कमानीचं नाही. एकेक थर आत सरकवत, वरचा भार मागे दाबून धरत पोकळी मिटवत न्यायची. बाहेरची भिंत सरळ नाही, कोनाकोनांनी दुमडत जाते. यादवकाळातल्या अनेक देवळांचा पाया एका मध्याभोवती चौरस फिरवून मिळणाऱ्या तारकेसारखा असतो. तो जमिनीवर दोरी आणि खुंटीने आखायचा आणि मग प्रत्येक थराचा प्रत्येक कोन खालच्याशी ओळंब्यात ठेवायचा. शिल्पग्रंथांनी यासाठी माणसांच्या श्रेणी सांगितल्या आहेत: स्थपती, सूत्रग्राही, तक्षक, वर्धकी. म्हणजे कामाची वाटणी होती, शिक्षण होतं, वरचा-खालचा हुद्दा होता. मध्य प्रदेशात भोजपूरच्या अर्धवट राहिलेल्या देवळाभोवतीच्या खडकांवर अकराव्या शतकातल्या कारागिरांनी कोरलेले नकाशे आजही आहेत, दगडांवर गवंड्यांच्या खुणाही आहेत. ॲडम हार्डी यांनी त्यावर ग्रंथच लिहिला. फ्रान्समध्ये व्हिलार द ऑनकूरच्या तेराव्या शतकातल्या रेखाटनांच्या टिपणवहीची ३३ पानं पॅरिसच्या ग्रंथालयात जिवापाड जपली आहेत. भोजपूरचा खडक ही आपल्याकडची तशीच वही आहे, पण ती पाहायला सहली जात नाहीत.

हे सगळं बुद्धीचं काम आहे, आणि ते कोणाच्या तरी डोक्यात होतं. 'समर्पण' म्हटलं की डोकं गळून पडतं आणि जोडलेले हात तेवढे उरतात. मला त्या शब्दात हा अपमान ऐकू येतो. विद्वत्ता हेमाद्रीकडे, दातृत्व राजाकडे, पराक्रम पांडवांकडे आणि कारागिराच्या वाट्याला निरागसपणा!

त्याचा परिणाम आजही भोगतो आहोत. जे काम भक्तीने आपोआप झालं, ते जपायला कौशल्य कशाला लागेल? मग महाराष्ट्रभर जुन्या देवळांच्या काळ्या दगडाला ऑइलपेंट फासला जातो, सांध्यांत सिमेंट भरलं जातं, सभामंडपाला गुळगुळीत टाइल्स लागतात. हे करणारेही श्रद्धाळूच असतात. त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं, की हा सांधा कोणी तरी विचार करून कोरडा ठेवला होता. आणि हिंगोलीच्या आठवडी बाजारात पाटे-वरवंटे घेऊन बसणारी, जात्याला टाकी लावून देणारी माणसं आपल्याला दिसतात, पण त्यांचा आणि औंढ्याच्या भिंतीचा काही संबंध असेल हे मनात येत नाही. रक्ताचं नातं सिद्ध करा असं मी म्हणत नाही. दगड तोच आहे, तो कुठे फुटतो हे त्यांना कळतं आणि व्यासपीठावरून अनाम शिल्पकाराला वंदन करणाऱ्यांना कळत नाही. जीर्णोद्धाराच्या बैठकीत मात्र त्यांना खुर्ची नसते.

नावं कदाचित मिळणारही नाहीत. पण नावापलीकडे हात ओळखता येतो. एकोणिसाव्या शतकात मोरेल्ली नावाच्या इटालियन जाणकाराने चित्रांतले कान आणि नखं पाहून कोणतं काम कोणाचं, ते वेगळं काढायला सुरुवात केली. माणूस चेहरा शिकवल्याप्रमाणे काढतो, पण कान आपल्या सवयीने. औंढ्याच्या भिंतीवरच्या दोन सुरसुंदरी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. कानातल्या कुंडलाची कड, बोटांची लांबी, कमरेचा बाक, मेखलेच्या लोंबत्या सरांची गुंफण, गुडघ्यापाशी वस्त्र संपतं ती रेघ. दगड घासून पुरा केलाय की टाकीचे ठोके तसेच ठेवलेत. कुठे आखणीची रेघ राहून गेली आहे, कुठे मूर्ती अर्धी सोडली आहे. मग या खुणा घेऊन चारठाण्याला, धारासूरला, होट्टलला जा आणि तिथल्या भिंतीवर तोच हात भेटतो का, पाहा. मल्लितम्माचा माग असा देवळादेवळांतून काढता येतो, कारण त्याने सही ठेवली. इथे सही नसली तर कष्ट जास्त पडतील, इतकंच. ज्यांचं नाव नाही त्यांना किमान 'औंढ्याचा पहिला हात', 'औंढ्याचा दुसरा हात' म्हणता येईल. युरोपातल्या बिननावाच्या मध्ययुगीन चित्रकारांना तिथले अभ्यासक असंच एखाद्या चित्राच्या किंवा गावाच्या नावाने ओळखतात, आणि त्यांच्यावर ग्रंथ लिहितात.

नांदेड-संभाजीनगरच्या कला महाविद्यालयांतली चार मुलं, मोजमापाची टेप, प्रत्येक दगडाचा क्रमांक घालून काढलेली छायाचित्रं, मूर्तीच्या बाजूने तिरपा पडणारा उजेड आणि दर्शनाची रांग लागण्याआधीचे सकाळचे दोन तास, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकतं. व्याख्यानमालेच्या एका पुष्पाचं मानधन त्याला पुरेल.